शाई न लागलेलं बोट

मतदान केंद्रावर शाई लावणाऱ्याला चेहरे नाही, बोटं लक्षात राहतात. आदिलाबादकडच्या एका सीमेवरच्या गावात माझी ड्यूटी होती. दुपारी सदऱ्याला कापूस चिकटलेला एक माणूस शेतातून थेट मत द्यायला आला. त्याच्या नावावर सकाळीच कोणीतरी मत देऊन गेलं होतं.

"तुमीच आलते न, मामा," केंद्रात बसलेला एका पक्षाचा एजंट म्हणाला. "मले रामराम बी केला."

त्या माणसानं डाव्या हाताचं बोट वर केलं. शाई नव्हती. नख मधोमध चिरलेलं होतं. अगदी तसंच नख मी सकाळी रंगवलं होतं. कापूस वेचणाऱ्यांची नखं चिरतातच, असं मी स्वतःला समजावलं.

केंद्राध्यक्षांनी त्याची तक्रार लिहून घेतली, फोन करून वर कळवली आणि त्याला वेगळी कागदी मतपत्रिका दिली. आता नियमाप्रमाणे त्यालाही शाई लावायची होती. मी काडी उचलली, तर त्यानं बोट मुठीत लपवलं.

"काऊन?" मी विचारलं.

"त्याच्यात अन् माह्यात येवढाच फरक उरला हाये, साहेब."

शेवटी त्यानं मूठ उघडली. शाई नखाच्या चिरेत उतरली, सकाळी उतरली होती तशीच.

संध्याकाळी यंत्रं घेऊन आमची गाडी निघाली. केंद्र असलेल्या शाळेसमोरच त्याचं घर होतं. तो शाईचं बोट पुढं धरून आपल्याच दाराची कडी वाजवत होता.

आतून त्याच्याच आवाजात कोणीतरी विचारलं, "कोन हाये?"