खोळीखालची पिवळी गाडी

दार लावलं की माझा लेक ओरडतो. म्हनून आमच्या खोलीचं दार उघडंच असतं, झोपताना पन फटीत वीट ठेवते. हितं पेनच्या रामवाडीत हायवेची धूळ सगळी घरात येते, भातावर बसते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. शेजारीन म्हनते, काय गो, चोराला आवतन देतेस काय. मी हसते. तिला काय सांगू.

आधी आम्ही रोह्याकडं ऱ्हायचो, कोलाडच्या वाटेला, कालव्याच्या अंगाला. तिथं एका शेठची मोठी शेड होती. शेठ मुंबईचा. आमच्या ह्यांचं कंपनीतलं कंत्राट सुटलं तेव्हा कुनीतरी म्हनालं की शेठला राखनदार पायजे, खोली पन देतो. खोली शेडला लागूनच, पत्र्याची, पन नळाला पानी होतं आनि संडास आत होता. लेक तेव्हा रांगत होता. मला वाटलं, सुटलो आता.

शेडमध्ये गाड्या होत्या, आठ-नऊ असतील, सगळ्यांवर कापडाची खोळ. मला वाटलं जुन्या असतील, पिक्चरमध्ये राजा बसतो तसल्या. पन नाय. साध्याच, रस्त्यावर दिसतात तसल्या. एक लाल, दोनच दारांची. एक जीपसारखी, टपाला कापड. एक काळी लांबडी. आनि एक पिवळी, एवढीशी, खेळन्यातली वाटावी अशी. काहींच्या सीटवरचं प्लास्टिक पन काढलेलं नव्हतं. मी ह्यांना इचारलं, शेठ ह्या चालवत का नाय? तर हे जेवता जेवता सांगायला लागले, शेठनं त्यांना सगळं सांगितलेलं. म्हने ह्या आता नव्या हायेत पन पुढं जाऊन लोक ह्या शोधत येतील. ज्या बंद झाल्या, ज्या थोड्याच निघाल्या, ज्यांना हातानं गिअर टाकावा लागतो, ज्या पेट्रोलवर आवाज करतात, त्या. उद्या सगळ्या बॅटरीवर चालतील, मग आवाज करनारी गाडी बघायला लोक तिकीट काढून येतील. पन ती जशीच्या तशी पायजे. चाललेली नको.

मी म्हटलं, मग आपली रोह्याची सहा सीटर रिक्षा? तिचा आवाज तर नागोठन्यापर्यंत जातो.

हे इतके हसले की ठसका लागला. म्हनाले, "तिला कोन ठेवतंय गो. तिच्यात आपल्यासारखी बसतात."

ह्यांचं काम काय, तर रविवारी प्रत्येक गाडीची बॅटरीची वायर लावायची, गाडी जाग्यावरच चालू करायची, थोडा वेळ घुर्र करू द्यायची आनि परत वायर काढून ठेवायची. हलवायची नाय. सीटला बुरशी येऊ नये म्हनून मधनं मधनं दारं उघडून हवा द्यायची. उंदरांसाठी बॉनेटखाली डांबरगोळ्या. मी खोळी धुवायचे, कालव्यावर नेऊन. पिवळीच्या खोळीचा कोपरा उंदरानं खाल्ला तर माझ्या जुन्या साडीचा हिरवा काठ लावून मीच शिवला. शेठ वाईट नव्हता. आला की लेकासाठी बिस्कीट आनायचा. एकदा पाव्हन्यांना दाखवत होता, प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारका नंबर असतो, सगळ्या काचांचा सारखा पायजे. एक जरी येगळा निघाला तर घेनारा म्हनतो ही गाडी ठोकलेली हाय, आनि मग ती गाडी मेली. मी चहा घेऊन उभी होते, ते माझ्या डोक्यात बसलं.

लेक पळायला, बोलायला लागला तेव्हाची गोष्ट, चैत्राचं ऊन होतं. ह्यांनी सकाळी गाड्यांना हवा दिली, मग दारं लावत गेले, खोळी घालत गेले, आनि पेट्रोल आनायला रोह्याला गेले. चाव्या ह्यांच्याकडं. हे खोळी घालत होते तेव्हा मी भांडी घासत होते. लेक मागं खेळत होता, त्याच्या वाजनाऱ्या चपला, चूं चूं चूं, ते ऐकत होते मी, आनि मग ऐकू येईना. कधी बंद झालं ते मला कळलंच नाय.

मी आधी कालव्याकडं धावले. कालव्याला पानी सोडलेलं, काठोकाठ, गढूळ, आनि मी काठानं धावत सुटले, पान्यात काय रंगीत दिसलं की जीव जायचा, पिशवी असायची, फांदी असायची, शर्ट कुठला घातलेला तेच आठवेना, लाल का निळा, आईला आठवत नाय, मी हाका मारत होते, पार रस्त्याखालच्या मोरीपर्यंत गेले आनि तिथनं परत फिरले, शेतात कोन नाय, रस्त्यावर कोन नाय.

शेडमध्ये आले ते उगाच. दार उघडं होतं म्हनून. आनि पिवळीजवळ एक चप्पल पडलेली, एकच.

खोळ ओढली. आत होता. पुढच्या सीटवर, स्टेरिंगपाशी. तोंड लाल, केस घामानं चिकटलेले, डोळे अर्धे. दाराच्या लॉकची खुंटी त्यानंच आतनं दाबली असनार, ती दाबली की आत जाते आनि वर ओढायला जोर लागतो, त्याच्या बोटात कुठला जोर. ह्यांनी खोळ घातली तेव्हा तो सीटखाली लपला होता, ह्यांच्याशी लपाछपी खेळतोय असं त्याला वाटलं असनार. आनि त्याचा हात कुठं होता? हॉर्नवर. सहा सीटरचा ड्रायव्हरकाका त्याला मांडीवर घेऊन पीपी म्हनत हॉर्न वाजवू द्यायचा, त्याला म्हाईत होतं की हॉर्न दाबला की मानसं बघतात. तो दाबत होता. आनि वायर काढलेली होती.

दारं ओढली, एक पन उघडेना. मी खोलीत गेले, वरवंटा आनला आनि पलीकडची काच फोडली. काच खडीसाखरेसारखी झाली, सगळी, हातात घुसली. लेकाला ओढून काढला, माठ अंगावर ओतला. तो ओकला. मग रडला. तो रडला तेव्हा मी खालीच बसले.

हे आले. लेकाला कवटाळून बसले, त्याचे पाय चोळत बसले. बऱ्याच येळानं मान वर केली आनि गाडीकडं बघितलं, आनि त्यांचा चेहरा बदलला.

"काच," म्हनाले.

कारन खोली गेली तर जायचं कुठं. गावी दोन भावांत एक चूल, तिथं आधीच दाटी. शेठ यायच्या आत तसलीच काच मिळायला पायजे होती, तरच खोली ऱ्हानार होती. आनि ती गाडी बंद झालेली, दुकानात काच मिळेना. हे पेनला गेले, भंगारवाल्यांकडं फिरले, मग गडब गावाच्या बाजूला एकाकडं तसलीच गाडी मिळाली, निळी, पुढनं चेपलेली. मी पन गेले होते, लेकाला कडेवर घेऊन. ह्यांनी नंबर वाचला, शेवटचा एक आकडा येगळा होता. हे म्हनाले, शेठ काय वाकून बघतोय. त्या काचेवर अस्वलाचं स्टिकर होतं, बारक्या पोरानं चिकटवलेलं, वाकडं. मी घरी रॉकेल लावून नखानं खरवडून काढलं. ते पोर कुठं असंल हे मी मनात येऊ देत नव्हते, तरी येत होतं.

शेठ आला. एकेक खोळ काढून बघत गेला. पिवळीपाशी वाकला.

"ही काच कधी बदललीस?"

"माकडानं फोडली शेठ," हे म्हनाले. "आंब्यावरनं उडी मारली."

"शेडच्या आत आंबा आहे?"

"नाय, म्हनजे हवा द्यायला बाहेर काढली होती."

"गाडी हलवायची नाही सांगितलं होतं ना?"

मी पदराचं टोक चावत उभी. आनि माझा लेक माझ्यामागनं पुढं आला, गाडीवर हात आपटला आनि म्हनाला, "मी होतो आत. पीपी वाजला नाय."

शेठनं त्याच्याकडं बघितलं. मग माझ्या हाताकडं, चिंधी बांधलेली होती. त्याचं तोंड पांढरं पडलं. गाडीचं काय बोलला तर म्हनाला की ही तर शेडमध्ये जागा होती म्हनून ठेवली, हिला पुढं काय भाव येनार नाय. लेकाच्या डोक्यावरनं हात फिरवला, बिस्किटाचा पुडा दिला. मला वाटलं, वाचलो. खरंच वाटलं.

मग ह्यांना बाहेर नेऊन म्हनाला, "तुझी चूक नाही. पण उद्या काही झालं तर माझ्या अंगावर येईल. मला इथं लहान मूल नको. महिनाअखेर खोली मोकळी कर."

काचेपायी खोली गेली असती तर मी समजले असते. लेक वाचला म्हनून गेली.

आता हे हायवेला गाड्या धुतात. आल्यावर सांगतात, आज एक आलेली गो, ती ऱ्हाईल बघ, ती लोक सांभाळतील. बाकीच्या जातील. मी म्हनते नका सांगू. लेक बंद गाडीत बसत नाय. दवाखान्यात न्यायचा तर उघड्या रिक्षानं, ताप असला तरी, वारा लागला तरी. वरवंटा मी उशाशी घेते. हे नुसते बघतात.

परवा मी त्याला घेऊन पाव आनायला गेले होते. ट्राफिक तुंबलेलं. एक लांब ट्रेलर उभा होता, त्यावर गाड्या, खोळी घातलेल्या. खालच्या रांगेत एक लहान. खोळीच्या कोपऱ्याला हिरवा काठ.

लेकानं पन बघितला. माझा गळा धरला. म्हनाला, "आई, आत कोन हाय?"

मी म्हटलं कोन नाय रे.

"बघ ना."

तेवढ्यात पुढचं ट्राफिक सुटलं आनि ट्रेलर हलला, मुंबईकडं निघाला. आत कोन नाय हे मला म्हाईत हाय. तरी मी धावले, लेक कडेवर, पाव खाली पडले, धूळ तोंडात, मागनं लोक हॉर्न मारतायत, मी धावतेय, आनि कडेवर हा नुसता म्हनतोय बघ ना, बघ ना, आनि माझ्या हातात वरवंटा पन नाय.