मिशा आलेला लाडू

आज शेजारी तिळगुळाचा पाक कढला आणि त्या वासानं मला एक जुनी संक्रांत आठवली.

कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या वर्षांतली ती संक्रांत. अकोटच्या आमच्या घरात आढ्यापर्यंत कापूस भरलेला. त्यालाच टेकून माझी दोन पोरं लाडू वळत होती. हात गुळानं चिकट, अंगभर तीळ. चंद्रीच्या लाडवाला कापूस चिकटला, तसा धाकटा ओरडला, "ताईच्या लाडवाले बुढ्याच्या मिशा आल्या!"

चंद्रीनं तो लाडू माझ्यापुढं धरला. "बा, हा तुह्यासाठी. सगळ्यात मोठा!"

मला दिसला तो फक्त कापसावरचा गुळाचा डाग. "माल काहून नासवून राहिली?" म्हणत मी तिचा हात झिडकारला आणि गाडी जुंपून अमरावतीच्या बाजाराला निघालो.

परतलो तोवर पटकीच्या साथीत चंद्री गेली होती. लाडू कोनाड्यात होता.

"बाले देजो, म्हणाली," एवढंच बायको बोलली.

तो लाडू माझ्यानं खाववला नाही. हात झिडकारल्याचं आजवर कुणाला बोललोही नाही. आता घरात कापूस नसतो, माझ्याच मिशा पांढऱ्या झाल्यात. पण तिळगूळ हाती आला की मी आधी त्यावर कापसाचा तंतू शोधतो.