उजवीकडून दुसरं चित्र

इराकमधल्या अमारा शहरात, नोंदणी कचेरीच्या फाटकाबाहेर, निलगिरीच्या सावलीत बसून अबू रफल एकतीस वर्षं लोकांचे अर्ज लिहितो आहे. आधी हाताने, मग टाइपरायटरवर, आणि कचेरी फक्त छापील अर्ज घ्यायला लागल्यापासून लॅपटॉपवर. आपल्याला कॉम्प्युटर येतो असं तो छाती फुगवून सांगतो. खरं म्हणजे त्याला पडद्याच्या तळाच्या पट्टीवरची सात चित्रं येतात. उजवीकडून दुसरं अर्जाचं, तिसरं छपाईचं. त्यांची नावं त्याने कधी विचारली नाहीत. शेजारी बसून अर्जच लिहिणाऱ्या करीमला मात्र तो उठताबसता अडाणी म्हणतो, त्यामुळे अडीनडीला करीमकडे जायची वाट त्याने स्वतःच बंद करून ठेवली आहे.

जिच्यावरून लोक त्याला अबू रफल, म्हणजे रफलचा बाप म्हणतात, ती लेक सुट्टीला आली होती. बगदादला कॉलेजात परतताना बापावरच्या प्रेमापोटी ती त्याच्या मशीनवर नवी सिस्टिम घालून गेली. दुसऱ्या दिवशी दहाला अबू रफलने मशीन उघडलं, तर पट्टी कोरी. सातातलं एकही चित्र जागेवर नव्हतं.

आणि समोर स्टुलावर नशमिया खाला. सत्तरीची, एकटी राहणारी, जिभेला हाड नसलेली. तिच्याच नावाची कुणी दुसरी बाई वारली आणि कचेरीने आठ महिन्यांपूर्वी हिलाच मयत करून टाकलं. रेशन बंद झालं ते वेगळंच. 'मी जिवंत आहे' असा अर्ज काल तिने दोन तास बसून सांगितला होता, कारण दर वाक्याला एखाद्या पुतण्याची गोष्ट मध्ये येत होती. तो अर्ज मशीनमध्ये होता. बाराला खिडकी बंद होणार होती, आणि सही करणारे साहेब उद्यापासून चाळीस दिवस हजला.

अबू रफलने मशीन तीनदा बंदचालू केलं. पडदा पुसला. बिस्मिल्लाह म्हणून पाहिलं. अकरा वाजले.

"माझ्यासारखीच तुझी चित्रंही मेली म्हणायची," खाला चहा फुंकत म्हणाली.

शेवटी त्याने मान तिरकी करून, करीमला ऐकू जाणार नाही अशा बेताने लेकीला फोन लावला.

"बाबा, काही गेलेलं नाही. सगळं आत आहे, फक्त पट्टी दाखवत नाहीये," रफल म्हणाली. "मी सांगते ती तीन बटणं एकदम दाबा."

डावीकडची तीन बटणं. अबू रफलची डावी बोटं संधिवाताने कडक झालेली, त्याला दोनच जमेनात. खालाने स्टूल त्याच्या शेजारी ओढलं आणि तिसऱ्यावर आपलं मेंदी लावलेलं बोट ठेवलं. पडद्यावर लांबलचक यादी उघडली. तिच्यात पिवळ्या फोल्डरची ओळ शोधून ती पुन्हा सुरू करायची होती. त्याने केली आणि पडदा काळा झाला. अबू रफलच्या तोंडून मयताच्या वेळी म्हणायचं 'इन्ना लिल्लाह' निघून गेलं.

"थांब, घाई करू नकोस," खाला म्हणाली. "कचेरीनेही माझ्या बाबतीत अशीच घाई केली."

दुसऱ्या क्षणी पट्टी आली. सातही चित्रं हजर! अबू रफलने ऐटीत फोन ठेवला आणि नेहमीप्रमाणे उजवीकडून दुसरं दाबलं. पडद्यावर एक सुरकुतलेली बाई डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहू लागली.

"ही कोण म्हातारी?" खालाने विचारलं.

"खाला, ती तूच आहेस. हा कॅमेरा आहे."

खाला पडद्याला नाक लागेपर्यंत वाकली. मग करीमच्या रांगेकडे वळून म्हणाली, "बघा रे, या मशीनला दिसते मी. तुमच्या साहेबाला दिसत नाही."

कॅमेरा उजवीकडे कसा आला, हे अबू रफलला उमगायला दहा मिनिटं लागली. नव्या सिस्टिमने अरबी सोडून इंग्रजी धरली होती आणि अख्खी रांग डावीकडून मोजायला घेतली होती. असली उलटी मोजणी त्याच्या बापजन्मी कुणी केली नव्हती. लेकीला मनातल्या मनात दोन शब्द सुनावून त्याने डावीकडून दुसरं दाबलं. अर्ज उघडला, आणि डावीकडून तिसरं दाबून त्याने तो छापला.

बाराला पाच कमी असताना दोघं खिडकीशी पोचली. साहेबांनी अर्ज वाचला, खालाचा अंगठा घेतला, नाव पुन्हा चढवावं असा शेरा मारला आणि शिक्का मारलेली प्रत तिच्या हातात दिली. खालाला वाचता येत नाही. तिने ती अबू रफलपुढे धरली.

"काय लिहिलंय?"

"अर्जदार नशमिया बिन्त शलाल हयात आहे."

"पुन्हा वाच."

त्याने पुन्हा वाचलं. खाला ओढणीच्या टोकाने डोळे टिपत म्हणाली, "आठ महिन्यांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं रे."

अबू रफलने कागद डोळ्यांसमोर धरला आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात ते वाक्य तिसऱ्यांदा वाचलं.