एकोणीस उंबऱ्यांची वाडी आणि एक फ्लॅग

वर्तमानपत्रात असताना मी एकाच दिवसाचं पान दोनदा लावत असे. आधी डाक आवृत्ती, मग शहर आवृत्ती. महाड-पोलादपूरला डाक यायची. शहराला चार तास नंतरचं पान मिळायचं, म्हणून त्यात बातम्या जास्त आणि चुका कमी असायच्या. कोणाला कोणतं पान गेलं हे आम्हाला माहीत असे. त्या पानाचं पुढे काय झालं, हे मात्र सव्वीस वर्षांत एकदाही कळलं नाही.

ते कळू शकतं, हे मी महाडला परत आल्यावर एका दुकानावरच्या दोन खोल्यांत शिकले. तिथे गावांसाठी एक अ‍ॅप तयार होत होतं. गावकीची बैठक, उत्सव, पाण्याची पाळी, निधनवार्ता अशा सूचना गावातल्या आणि मुंबईतल्या माणसांना एकाच वेळी मिळाव्यात, एवढंच त्याचं काम. अ‍ॅप लिहिणारी मुलगी बिरवाडीची. तिच्या घरच्या चार खोल्यांत कारखान्यातले कामगार भाड्याने राहायचे. ती स्वतः पुण्यात सहा वर्षं नोकरी करून परतली होती. अ‍ॅपमधला सगळा मजकूर माझ्याकडे होता. ती मला ताई म्हणायची, आणि माझी वाक्यं लांब असतात असंही म्हणायची.

त्या वर्षी तिने अ‍ॅपमध्ये फ्लॅग बसवले. तोवर नवी सोय द्यायची म्हणजे सगळ्यांना एकदम द्यायची, आणि बिघडली तर सगळ्यांची एकदम बिघडायची. फ्लॅग असला की नवा भाग प्रत्येकाच्या फोनमध्ये आधीच जाऊन पडतो, पण झाकलेला. आमच्या टेबलावरून बटण दाबलं की ज्यांना दाखवायचा त्यांनाच दिसतो. पुन्हा दाबलं की झाकला जातो.

पहिल्या चाचणीला आम्ही तुडीलच्या एका ओळखीच्या किराणा दुकानदाराला फोन लावला.

"नवीन काही दिसतंय का?" तिने विचारलं.

"नाय."

तिने बटण दाबलं. "आता अ‍ॅप बंद करून परत उघडा."

"थांब गो. गिऱ्हाईक हाय. हां. आयला, आलं की! काय केलंस?"

"महाडात बसून बटण दाबलं."

"परत घालव बघू."

तिने घालवलं. तो हसला, आणि दुकानातलं गिऱ्हाईकही हसताना ऐकू आलं. त्याने हे आमच्याकडून पाच वेळा करून घेतलं. मला खुर्चीत बसवेना. वाचकाच्या हातात गेलेलं पान माघारी बोलावता येतं, असं माझ्या धंद्यात कोणी ऐकलं नव्हतं.

त्या दिवसांत अ‍ॅप उघडलं की प्रत्येक वेळी फोन आमच्या सर्व्हरला विचारायचा, कोणता फ्लॅग चालू, कोणता बंद. डोंगरातल्या वाड्यांना रेंज तोकडी. अ‍ॅप उघडायलाच वेळ लागायचा. म्हणून तिने ते बदललं. फोन दिवसातून एकदाच, पहाटे विचारू लागला.

फ्लॅगबरोबर प्रयोगांच्या नोंदी आल्या. निम्म्या फोनवर नवा पडदा, निम्म्यांवर जुना, आणि कोणत्या गटाने काय उघडलं, किती वेळा, याची मोजणी. फोन कोणाच्या नावावर आहे हे मोजणीत दिसायचं नाही; फक्त गाव आणि फोनला दिलेला एक आकडा. तो आकडा कोणाचा हे शोधायचं नाही, असा तिचा कडक नियम होता. प्रत्येक प्रयोगाआधी मी वहीत चार गोष्टी लिहायच्या: काय बदलणार, कोणासाठी, काय होईल असं वाटतं, आणि आपण चुकलो हे कशावरून कळेल. चौथा प्रश्न मला फार आवडला. बातमी लिहिताना तो मला कोणी विचारला नव्हता.

शिमगा जवळ आला. शिमग्यात गावदेवीची पालखी घरोघर जाते, आणि तिची वाट बघण्यात अख्खा दिवस जातो. आम्ही एक पडदा केला: "पालखी तुमच्या दारी." त्यात आपल्या घराचा नंबर कितवा आणि पालखी साधारण किती वाजता येईल, हे दिसायचं. यादी गावकीचे अध्यक्ष भरायचे. पहिला प्रयोग पोलादपूरच्या डोंगरातल्या, उमरठच्या बाजूच्या एका वाडीत. एकोणीस उंबरे. निम्म्या फोनना नवा पडदा, निम्म्यांना जुनी दोन ओळींची सूचना: पालखी दुपारी देवळातून निघेल. कोणाला काय, ते संगणक नाणेफेक करून ठरवेल. "नाणेफेक प्रत्येक फोनची वेगळी," असं मी वहीत माझ्या हाताने लिहिलं. त्यात मला काहीही खटकलं नाही.

पालखीच्या दिवशी सकाळपासून आम्ही पडद्याला डोळे लावून बसलो. आकडे येत होते. नवा पडदा लोक एकदा उघडत होते आणि बंद करत होते. म्हणजे हवं ते मिळत होतं. आमचा अंदाज बरोबर ठरत होता. तिने दोन चहा मागवले आणि आनंदाने दोन्ही स्वतःच प्यायली.

दीडच्या सुमारास ती म्हणाली, "ताई, हे बघा. जुन्या सूचनेलाही वाचक आहे. एकाच फोनने सकाळपासून एकेचाळीस वेळा उघडली."

"दोन ओळींची सूचना?"

"हो ना! किती आवड बघा."

"दोन ओळी एकेचाळीस वेळा कोण वाचतं?" मी म्हणाले. "त्यात जे नाही, ते कोणीतरी शोधतंय."

आम्ही बोलत असताना बेचाळीस झाले.

आकडा कोणाचा हे शोधायचं नव्हतं, म्हणून मी अध्यक्षांना फोन लावला. मागे ढोल वाजत होता.

"अध्यक्ष, यादीत सगळी घरं घातलीत ना?"

"एकोणीसच्या एकोणीस. मीच भरली. का वो?"

"वाडीत कोणी नाराज आहे का?"

"एक हाय," ते म्हणाले. "वरल्या घरातला म्हातारा. सकाळपास्नं गडग्यापाशी बसलाय. आता दगड रचाय लागलाय म्हणतात."

गडगा म्हणजे बिनचुन्याची दगडी भिंत, आणि त्या गडग्याची गोष्ट तालुक्यात माहीत होती. तीन वर्षांपूर्वी म्हाताऱ्यांनी आपल्या जमिनीतून जाणारी वहिवाटीची वाट दगड रचून बंद केली होती. तेव्हापासून पालखी त्यांच्या दारी थांबली नव्हती. बहिष्कार हा कायद्याने गुन्हा आहे, म्हणून तो शब्द कोणी उच्चारत नसे. पालखी फक्त पुढे निघून जाई. यंदा बैठकीत मिटलं. म्हाताऱ्यांनी वाट मोकळी केली. गावकीने त्यांचं घर यादीत घेतलं. पालखी त्याच वाटेने त्यांच्या अंगणात यायची होती. ती आली आणि पुढे दगड असले, तर पुन्हा मिटवायला कोणी बसणार नव्हतं.

"मी सांगावा धाडला, की तू यादीत हायस," अध्यक्ष म्हणाले. "तर म्हणतो, शेजारी भावाच्या मोबाईलात वेळ हाय, माझ्या नाय. माणूस तोंडदेखलं बोलंल, मशीन कशाला बोलंल?"

"तुम्ही स्वतः जाता का?"

"कसा जाऊ? पालखी निघतेय. पयला खांदा माझा हाय."

फोन ठेवला तेव्हा ती बटण दाबून मोकळी झाली होती. वाडीतल्या सगळ्या फोनसाठी फ्लॅग चालू. महिन्याची तयारी आणि प्रयोग तिथेच संपला. मग तिने कपाळावर हात मारला.

"पहाटे," ती म्हणाली. "त्यांचा फोन आता उद्या पहाटे विचारणार."

"आणि त्यांचा नंबर कितवा?"

"सहावा. पावणेचारला."

तिची स्कूटर खाली होती.

महाडहून पोलादपूर हमरस्त्याने, तिथून डोंगरात. मागे बसून मी घड्याळ बघत होते. अशा घाईने मी याआधी बातमीच्या मागे गेले होते. माझ्या चुकीच्या मागे पहिल्यांदाच जात होते. भीती होती, पण खरं सांगायचं तर मला फार उत्साह वाटत होता. एका आकड्याने आम्हाला एका माणसापर्यंत नेलं होतं, आणि तो अजून अंगणात बसलेला होता.

"अजून पाच घरं मधे आहेत," ती वाऱ्यात ओरडली. "शिमग्यात पालखी कधी वेळेवर येते?"

सव्वातीनला पोचलो. ढोल खालच्या घरांत वाजत होता. अंगण सारवलेलं, रांगोळी अर्धी. गडगा गुडघ्यापर्यंत आला होता. म्हातारे दगड निवडून बसवत होते, घाई न करता, जुन्या हाताने. सून ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी होती.

"कोण गो तुमी?"

"अ‍ॅपवाल्या. महाडहून आलोय," मी म्हणाले. "आबा, तुमचं घर यादीत आहे. सहावं. तुमच्या फोनवर ते आम्ही झाकलं होतं."

"कोणाच्या सांगण्यावरनं?"

"कोणाच्याच नाही. निम्म्या फोनना दाखवायचं, निम्म्यांना नाही, आणि काय फरक पडतो ते बघायचं. कोणाला दाखवायचं ते संगणकाने नाणं उडवून ठरवलं."

त्यांनी हातातला दगड खाली ठेवला नाही. "माझ्या दारावर नाणं उडवलंत?"

"हो."

"आनि मना न इचारता."

"हो. चुकलं."

"सगल्यांना सोडून माझ्याच घराचा काटा पडला काय?"

"निम्म्यांचा पडला, आबा," सून दारातून म्हणाली. "खालच्या काकूंच्या मोबाईलात पण नाय. त्या काय दगड रचत बसल्या नाहीत."

"तू गप गो."

फोन त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. वरच्या अंगाला रेंज फक्त गडग्यापाशी यायची. ते सकाळपासून तिथेच का बसले होते, ते तेव्हा कळलं. बिरवाडीच्या मुलीने फोन मागून घेतला, जुनं अ‍ॅप काढून टाकलं आणि पुन्हा उतरवायला लावलं. नव्याने उतरलेलं अ‍ॅप पहाटेची वाट न बघता लगेच विचारतं. रेंजची एकच रेघ होती. खाली ढोल थांबला आणि पुढच्या घरी सुरू झाला. सगळे गोल फिरणाऱ्या खुणेकडे बघत होतो. मग पडदा आला.

"वाच गो," म्हातारे सुनेला म्हणाले.

"पालखी तुमच्या दारी. घर सहावं. साधारण पावणेचार."

"परत वाच."

तिने परत वाचलं. म्हातारे बिरवाडीच्या मुलीकडे वळले. "आता घालव."

"आबा, नको."

"घालव म्हणतो ना."

तिने तिच्या फोनवरून फ्लॅग बंद केला, त्यांच्या फोनवरचं अ‍ॅप काढून पुन्हा उतरवलं. जुन्या दोन ओळी आल्या.

"आता आन."

पुन्हा आलं. पावणेचार.

"म्हंजे ह्यात गावाचा हात नाय," ते म्हणाले. "ह्या पोरीच्या बोटात हाय सगला खेल." मग हातातला दगड वाटेबाहेर फेकून त्यांनी आमच्याकडे बघितलं. "नानं तुमी उडवलंत. दगडं तुमी काढा."

आम्ही काढले. बसवलेला दगड निघताना किती चिवट असतो हे मला माहीत नव्हतं. पाचव्या घरी ढोल वाजत असताना तळाचा थर शिल्लक होता. तेव्हा म्हातारे स्वतः वाकले, आणि शेजारचा भाऊ न बोलावता आला. "तुला पयलंच सांगत होतो," भाऊ म्हणाला. "काय सांगत होतास? स्वताचा मोबाईल नाचवत होतास," म्हातारे म्हणाले.

पालखी चार वाजून वीस मिनिटांनी आली. आमची वेळ पस्तीस मिनिटांनी चुकली होती. वाटेत अजून दगडांची माती होती. पालखीवाले अनवाणी तिच्यावरून आले. अध्यक्षांनी आपला खांदा काढून घेतला आणि म्हाताऱ्यांना दिला. अंगणात पालखी नाचली. अर्धी रांगोळी पुसून गेली.

निघताना म्हाताऱ्यांनी आम्हाला थांबवलं. "पुढल्या वर्षी नानं उडवायचं तर इथं येऊन उडवा. अंगनात. सगल्यांना दिसंल असं."

महाडला आल्यावर मी वहीच्या चौथ्या रकान्यात लिहिलं: एका वाडीत निम्म्यांना दाखवलं, की न दाखवणं हीच बातमी होते. त्यानंतर नाणेफेक फोनची राहिली नाही, गावाची झाली. जुन्या सूचनेखाली मी एक वाक्य घातलं: "काही गावांना नवा पडदा दिला आहे, तुमच्या गावात अजून कोणालाच दिलेला नाही." ते लिहायला मला दोन दिवस लागले. बिरवाडीच्या मुलीने त्यातला एकही शब्द कापला नाही.

पुढच्या शिमग्याआधी आम्ही खरं नाणं घेऊन त्या वाडीत गेलो. शेजारच्या वाडीची माणसंही आली होती. दोन वाड्या, एक नाणं. अध्यक्षांनी ते म्हाताऱ्यांच्या हातात दिलं. त्यांनी उडवलं, वाकून बघितलं, आणि आपल्याच वाडीला जुनी सूचना आली म्हणून मोठ्याने हसले.

"वेल नसली तरी चालंल," ते म्हणाले. "ढोल ऐकू येतोच."

त्या वर्षी वाडीतल्या एकाही फोनने सूचना तीनपेक्षा जास्त वेळा उघडली नाही. गडग्याच्या जागी वाट होती, आणि आमच्या वहीत पहिल्यांदाच पूर्ण झालेला प्रयोग.