दादांच्या बोटाखालची सपाट रेघ

आधीच सांगतो, भूत, करणी, बाहेरचं... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. नववीत शाळा सुटली आणि यवतमाळकडून इकडे आलो, तेव्हा भीती होती ती फक्त उपाशी राहण्याची. कर्जतजवळच्या दहिवलीच्या दत्तादादांनी आपल्या रेडिओ-टीव्ही रिपेअरिंगच्या दुकानात ठेवून घेतलं, वहिनींनी घरच्यासारखं जेवू घातलं. त्यांचं मीठ खाल्लंय, म्हणून हे लिहिताना आजही हात अडखळतो.

ऐंशीच्या दशकातली अखेरची वर्षं. सिग्नलची रेघ पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप दादांच्या आवाक्याबाहेरचा. पण त्यांच्या भाच्याने दुबईहून टीव्हीला जोडायचा छोटा कम्प्युटर आणला होता. त्यात टेपरेकॉर्डरची वायर लावायची जागा असते — दादांनी तिथे एक लांब वायर खुपसली आणि स्वतः प्रोग्रॅम लिहिला. वायरमधून येणारा सिग्नल टीव्हीवर रेघ होऊन नाचायचा!

काम सुरू करण्याआधी वायरच्या उघड्या टोकाला बोट लावायचं, ही आमची रीत. आसपासच्या लाइटच्या तारांतल्या विजेची गुणगुण माणसाच्या अंगातून वायरमध्ये जाते आणि रेघेला लाटा येतात. लाटा आल्या म्हणजे वायर ठीक. बोट कुणाचंही असो.

एकदा कशेळ्याला एका घरावर अँटेना बसवताना दादांच्या हातातला पाइप लाइटच्या तारेला लागला. दादा खाली पेंढ्याच्या उडवीवर आदळले. मी धावलो, नाकाशी हात धरला... श्वास नव्हता. ओरडणार तोच दादा उठून बसले.

"रडतोस काय रं? पाइप धर."

अँटेना बसवूनच आम्ही परतलो.

दुसऱ्या दिवशी दादांनी वायरला बोट लावलं. रेघ सपाट. मी लावलं — लाटा. पुन्हा दादांनी — सपाट. चपला काढल्या, बोट ओलं केलं, माझ्या स्टुलावर येऊन बसले. सपाटच. रेडिओ न्यायला आलेले एक म्हातारबाबा हसले, "दत्ता, तुझ्यात करंटच नाय राह्यला! घरी सांगू का?" त्यांनी बोट टेकवलं तर लाटा उसळल्या. दादाही हसले. पण लगेच टीव्ही बंद केला.

मी हट्टाने त्यांना कर्जतला डॉक्टरकडे नेलं. "धडधाकट आहेत," डॉक्टर म्हणाले. माझा संशय मात्र जाईना. दादांचा चहा तोच, शिव्या त्याच, चाल तीच... खोट काही सापडत नव्हती आणि त्यानेच जास्त धास्ती वाटायची. गावी पळून जावंसं वाटे. पण तिथे मला ठेवून घेणारं कोण होतं? आणि ज्यांनी ठेवून घेतलं, त्यांच्याकडेच मी असा चोरून बघत होतो.

एका दुपारी दादा भिवपुरीच्या वीजघराच्या क्वार्टर्सवर टीव्ही दुरुस्त करायला गेले होते. वहिनी माझा डबा घेऊन आल्या, पण परत जाईनात.

"एक इचारू? खरं सांगशील?"

"विचारा ना वहिनी."

"त्या दिवशी कशेळ्यावरनं तू यांनाच आणलंस ना रं?"

मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"त्यांनाच आणलं, वहिनी."

"मग ठीक हाय." त्यांनी पदराने तोंड पुसलं, डबा उघडून पुढे सरकवला. "जेव. गार व्हईल."

पुढे मी शिकल्यासवरल्या बऱ्याच लोकांना त्या रेघेबद्दल विचारलं. समाधान होईल असं कुणीच काही सांगू शकलं नाही. आणि मी वहिनींना खरं सांगितलं की खोटं... ते मलाही अजून माहीत नाही.