तोफ आणि युरियाचं घमेलं

तिच्या तोंडामुळे सगळे तिला तोफ म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. नवरा गेल्यावर तिने नि धाकट्या दिराने मिळून गोठा चालवला. भांडत चालवला, पण चालवला. दीर कामाला वाघ, ऐकायला दगड.

त्या वर्षी हिरवा चारा संपला, नुसता पेंढा उरला. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला गव्हाणीपाशीच समजावलं होतं, "गाईच्या पोटात असंख्य जिवाणू असतात. आपण चारतो त्यांना, आणि ते पोसतात गाईला. त्यांना नत्र लागतं, ते पेंढ्यात नाही. म्हणून थोडासा युरिया, पाण्यात पुरता विरघळवून, उसाची मळी घालून. हळूहळू सवय लावायची. एकदम जास्त पडला तर त्याचा अमोनिया होतो, जिवाणूंना आवरत नाही, रक्तात उतरतो. मग गाय तुमची नाही." वेळेला पाजायला व्हिनेगर ठेवायलाही त्यांनीच सांगितलं होतं.

तोफेने सगळं तसंच केलं. गाई पेंढ्यावर तुटून पडू लागल्या, दूध वाढलं. दिराला वाटलं, एवढ्याशाने एवढं, तर घमेलंभर टाकून बघू!

आजारी बहिणीला भेटून ती दुपारी परतली, तर फाटकातच हंबरडा कानावर आला. असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. आत चार गाई आडव्या पडल्या होत्या. पाय लाकडासारखे ताठ, तोंडाला फेस, दात करकरा वाजत होते. एकीने धडपडत खांबावर डोकं आपटून शिंग मुळापासून मोडून घेतलं होतं. रक्त भिंतीवर उडालं होतं. आणि दीर दांडक्याने काळीला बडवत होता, "ऊठ! ऊठ म्हणतो ना!"

गव्हाणीत युरियाचे पांढरे खडे तसेच दिसत होते.

तिने दांडकं हिसकावलं आणि त्याच्याच खांद्यावर हाणलं. हाड कडाडलं. एरवी भावजी म्हणणारी तोफ ओरडली, "किती घातलास? बोल!"

"वहिनी, मला वाटलं दूध..."

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा! इथं गोठा रिकामा होतोय. धर डोकं, एका हाताने धर!"

व्हिनेगर थंड पाण्यात मिसळून ती बाटलीने पाजू लागली. काळीने झटक्यात मान फिरवली, तोफेचे पुढचे दोन दात तुटले. रक्त थुंकून तिने पुन्हा बाटली लावली. शेजारीच पडलेल्या तांबडीचं पोट ढोलासारखं फुगलं होतं, डोळे बाहेर आले होते. निरोप मिळून डॉक्टरीणबाई वाटेत होत्या, पण तांबडी थांबणारी नव्हती. तोफेने सुरी उचलली, डाव्या कुशीत, बरगडीमागे भोसकली आणि पातं पिळलं. फस्सकन वारा सुटला. फेस, हिरवं पाणी, रक्त तिच्या तोंडावर उडालं, आणि डोळ्यांना झोंबणारा वास. दीर भडभडून ओकला, पण डोकं सोडलं नाही.

काळी आणि तांबडी वाचल्या. बाकीच्या दोघी गेल्या. डॉक्टरीणबाईंनी एक मेलेली गाय फाडली, तेव्हा अमोनियाने सगळ्यांच्या डोळ्यांना धार लागली. "चिमूटभराची सवय असलेल्या पोटात घमेलंभर कोरडा युरिया! विषच घातलंत," त्या म्हणाल्या. दीर मान खाली घालून उभा होता, खांदा लोंबत होता.

मेलेल्या गाई ओढायला तिने त्यालाच लावलं. मदतीला माणसं आली, तर हाकलून दिली. एका हाताने, दोर दातात धरून, त्याने त्या बैलांना जुंपल्या आणि पुरायच्या खड्ड्यापर्यंत नेल्या.

खांदा वाकडाच जुळला. कोणी विचारलं की तो म्हणे, गाईने लाथ मारली. तोफ लगेच आतून ओरडे, "खोटं बोलू नका, भावजी! मी मारलं."