सुनीलचं वाकडं अक्षर

शेजारच्या एसटीडी बूथवर पुण्याहून फोन आला, तेव्हा मी शिरूरच्या दुकानात एका बाईशी हंड्याच्या भावावरून भांडत होतो. माझा धाकटा भाऊ सुनील गेला होता... वय सव्वीस.

आठवडी बाजारात पोत्यावर भांडी मांडून मी धंदा उभा केला. दौंडचं दुकान सुनील सांभाळायचा. लग्नाच्या भांड्यांवर नावं घालावीत तर त्यानंच. छिन्नीनं टकटक करत छापल्यासारखं अक्षर काढायचा. वर्षभरापूर्वी तेच अक्षर वाकडं पडायला लागलं. गिऱ्हाइकं भांडी परत आणायची. "अण्णा, हात ऐकत न्हाई," तो म्हणायचा. जीभही जड झाली होती. मी चारचौघांत ओरडलो, "सकाळी सकाळी ढोसून येतोस व्हय रं?" त्यानं आयुष्यात थेंब घेतला नव्हता.

मग कावीळ झाली. बरी झाली, पुन्हा उलटली. दौंडच्या डॉक्टरांचंही तेच, "दारू सोडायला सांगा." आमची थोरली बहीण अकराव्या वर्षी काविळीनंच गेली, हे आई सांगायला लागली, तर म्हणाले, "त्याचा इथं काय संबंध?" पुण्यासाठी चिठ्ठी मागितली, तर "माझ्यावर भरवसा नाही का?" बाजारात मी कुणाचा पहिला भाव कधी मानला नाही. तिथं मानला. वर दुकानातला तांब्याचा तांब्या त्याला दिला. त्यातलं शिळं पाणी उपाशीपोटी पी, लिव्हर साफ होतं म्हणून.

शेवटी चिठ्ठीविनाच पुणं गाठलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी बॅटरी धरून त्याच्या डोळ्यांतलं तपकिरी कडं दाखवलं. आईबापाच्या रक्तातून आलेला आजार. अंगातलं तांबं बाहेर पडत नाही, लिव्हरमध्ये आणि मेंदूत साठतं. "तरुण मुलगा, कावीळ उलटतेय, हात कापतोय, बहीण काविळीनं गेलेली... त्याच दिवशी पाठवायला हवं होतं," त्या म्हणाल्या. सुनील माझ्याकडं बघून हसला. "अण्णा, आता तरी म्हना, पीत न्हवतो."

दहाव्यानंतर धाकट्या बहिणीला, नंदाला घेऊन मी दौंडच्या त्याच डॉक्टरांसमोर बसलो. चिठ्ठी मागितली.

"हिला काय झालंय? धडधाकट आहे."

"म्हणूनच आणलीय."

चिठ्ठी हातात पडेपर्यंत खुर्ची सोडली नाही. तपासणीत तिचंही तेच निघालं, पण वेळेत. गोळ्या जन्मभर घ्यायच्यात. मी बदनामी करतो, असं डॉक्टर गावभर सांगतात. करतो. कुणाची कावीळ उलटली असं कळलं, की त्याला दुकानात बसवून सगळं सांगतो. मग पुण्याची गाडी दाखवतो.

नंदाच्या लग्नासाठी सुनीलनं स्टीलच्या कळशीवर नाव घालायला घेतलं होतं. 'नं' वाकडा पडलाय, 'दा' राहिलाच. नंदा गोळी त्याच कळशीतल्या पाण्याबरोबर घेते. परवा नवा कारागीर म्हणाला, "शेठ, घासून नीट घालू का?"

"हात लावायचा न्हाई," मी म्हणालो. "शुद्धीतल्या मानसानं घातलंय ते."